उपासाला चालणारं मूळ

माय, तुझ्या बरडात मी साबुदाणा लावला. म्हणजे दाणे पेरले नाहीत, हसू नको. ज्या झाडाच्या मुळापासून साबुदाणा होतो ते झाड लावलं. त्याचं नाव कसावा. गावातली माणसं त्याला साबुदान्याचं झाड म्हणतात आणि मी कितीदा सांगितलं तरी म्हणतातच. पुरुषभर उंच वाढतं, पानं हाताच्या पंज्यासारखी, आणि खाली मातीत मनगटाहून जाड मुळं, एकेका झाडाला घोसच्या घोस. जिथे तुझी तूर दर साली करपायची आणि कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याशी येऊन थांबायची, त्या मुरमाड तुकड्यावर हे ऐटीत उभं आहे. तू बजावलं होतंस, 'या घरात आनू नोको.' मी घरात आणलं नाही, वावरात आणलं. शब्दात पकडायचं तर पकड मला, आणि पकडलंस तरी मी उपटणार नाही. गावाने उपट म्हटलं तेव्हाही उपटलं नाही. तेच सांगायला बसले आहे.

आधी एक तक्रार मिटवून टाकते. मी हे पुस्तकी मराठीत लिहिते आहे आणि तू पहिल्या ओळीलाच म्हणाली असतीस, 'आली मोठी मास्तरीन.' काय करू? उमेदीची सगळी वर्षं दक्षिणेत काढली, तिथे माझ्याशी वऱ्हाडी बोलायला कोणी नव्हतं. प्रयोगशाळेत, बाजारात, शेजारणीशी भांडताना, सगळीकडे दुसऱ्याच भाषा. निवृत्त होऊन गावात परत आले तर भावाची नातवंडं माझ्या बोलण्याला हसतात. राग आला की मात्र आपली बोली आपसूक तोंडात येते, आणि या वर्षी राग भरपूर आला.

तुझं साबुदाण्याशी वैर कुठून सुरू झालं ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. वडनेरहून आत आपल्या गावात शिरलं की डाव्या हाताला ते किराणा दुकान, आणि दुकानामागची पडवी. शाळेला सुट्टी आहे. तू सूप घेऊन तूरडाळ पाखडते आहेस, मी खडे वेचते आहे. कोपऱ्यात पोती रचलेली, त्यातलं एक उघडं आहे आणि आतून पांढरे मोत्यासारखे दाणे दिसताहेत. जागा करायला तू ते पोतं सरकवायला हात लावतेस, तोच आतून शेठाणीचा आवाज येतो, 'ए, त्या पोत्याले शिवू नोको. उपासाचं हाये, उद्या एकादशी.' तू हात मागे घेत नाहीस. तसाच पोत्यावर ठेवून विचारतेस, 'मंग हे इथवर आलं कसं? चालत आलं?' शेठाणी म्हणते, 'हमालानं टाकलं.' 'हमाल कोन? माहा भाऊ. त्याचा हात चालला, माहा नाई चालत?' शेठाणी जरा गडबडते आणि म्हणते, 'तवा ते शिवलेलं होतं.' आणि तू हसलीस, माय. अशी हसलीस की डाळ सुपातून सांडली. 'बाप्पा! शिवलेलं असलं तं शिवलं तरी चालते, अन् उसवलं की नाई? हे कोनतं गनित वं?' मग सूप तिथेच ठेवून, माझा हात धरून तू निघालीस. त्या पडवीत पुन्हा कामाला गेली नाहीस. रस्ताभर हसत होतीस आणि घरी येऊन चुलीपुढे बसलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते.

त्या रात्री भाकरी थापता थापता तू म्हणालीस ते माझ्या कानात पक्कं बसलं आहे. 'आपन दीक्षा घेतली, देव गेले, उपास गेले. पन मी तुले सांगतो, त्याच्या आधी बी आपल्या घरात कोनी उपास नाई केला. आपन उपाशी राह्यलो. उपास अन् उपाशी एक नसते, पोट्टे. उपास तो करते ज्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जेवाले असते.' आणि मग कायदा झाला: साबुदाणा आपल्या घरात यायचा नाही. मोहल्ल्यातल्या बायका पुढे पुढे नाश्त्याला म्हणून साबुदाण्याची उसळ करायला लागल्या, त्यात उपासाचं काही नव्हतं, पोरांना आवडायची म्हणून. तू वाटी परत पाठवायचीस. त्या माणसांबद्दल तुझं काही चुकलं नाही, मी आजही तसंच म्हणेन. पण मुळाने काय केलं होतं तुझं?

तुला हे कधी सांगायला मिळालं नाही म्हणून आता सांगते. हे मूळ सातासमुद्रापलीकडचं आहे. आलू, शेंगदाणा, हिरवी मिरची, तीही तिकडचीच. कोणत्याही पोथीत यांचं नाव असायचं कारण नाही, कारण पोथ्या लिहिल्या तेव्हा इथे यांना कोणी पाहिलंच नव्हतं. परदेशातून आले, बसले पाटावर, आणि एकेक करून चौघंही उपासाला चालायला लागले. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मातीतली ज्वारी मात्र चालत नाही. आणि आपला हातही चालत नव्हता. 'चालते' हा शब्दच मला कळलेला नाही, माय. कोणाला चालतं, कोणी ठरवलं, आणि ठरवणाऱ्याला कोणी विचारलं का कधी? तू साबुदाण्यावर राग काढलास, मी या शब्दावर काढते.

दक्षिणेतल्या कंदपिकांच्या केंद्रात मला जागा मिळाली तेव्हा मी तुला फोन केला. गावात फोन एकच, त्याच दुकानात. तुला बोलावणं गेलं, तू दुकानाच्या पायरीवर उभी राहून बोललीस, आत काही गेली नाहीस. वायर ताणून रिसीव्हर बाहेर दिला असणार. मी म्हटलं, माय, कसाव्यावर काम मिळालं. 'ते काय असते?' मी सांगितलं. मग तू एवढ्या मोठ्याने बोललीस की दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू गेलं असेल: 'येवढं शिकून, आमच्या छातीवरून दूर जाऊन, तू यायच्या उपासाचा मालमसाला सुधरवाले गेली काय वं? उपाशाइसाठी काई नाई भेटलं तुले?' आणि फोन ठेवलास. मी तिथे बूथमध्ये उभी, मागे रांग, आणि मला मराठीत रडताही येईना. खूप राग आला होता मला. अजून आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा तू अंबाडीची भाजी केली होतीस, माझ्या आवडीची, पण माझ्याकडे पाठ करून. मी चुलीपाशी बसून बोलतच राहिले. म्हटलं, तिकडे हे उपासाचं नाही. तिकडची मजुरी करणारी माणसं हे मूळ उकडून मासळीसोबत खातात, रोजचं पोटभर जेवण म्हणून. आफ्रिकेत तर कोट्यवधी लोकांची ही भाकर आहे. तू ऐकत नव्हतीस असं दाखवत होतीस. मग मी म्हटलं की त्याला एक रोग येतो, पानं पिवळी पडून आकसतात, आणि तो रोग पांढरी माशी पसरवते. तेव्हा तू वळलीस. 'पांढरी माशी? पऱ्हाटीवर बसते तेच?' तीच, म्हटलं. 'मंग मारा न तिले.' मारून मरत नाही माय, तुलाच माहीत आहे, किती फवारे मारले तुम्ही. म्हणून आम्ही झाडच असं करून राह्यलो की माशी बसली तरी रोग लागला नाही पाहिजे. तू परातीतला हात थांबवून बघतच राहिलीस. 'झाडाले शिकवता काय तुमी?' आणि हसलीस. तेवढं एकच हसू त्या सुट्टीत. मला वाटलं, जिंकले. पण तू पुन्हा चुलीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, 'चांगलं हाये. त्या लोकाइसाठी कर. या घरात आनू नोको.' पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. भांडण तसंच राहिलं, अर्धं शिजलेलं.

तर ऐक, झाडाला आम्ही काय शिकवलं. कसाव्याला बियांपासून लावत नाहीत, उसासारखी काडी तोडून लावतात. म्हणून आई रोगी तर लेक रोगी, लेकीची लेकही रोगी. पण झाडाच्या अगदी शेंड्याचं टोक, मोहरीच्या दाण्याहून बारीक, तिथवर रोग बहुधा पोचलेला नसतो. ते टोक भिंगाखाली कापायचं आणि बाटलीत, औषधी खिरीत वाढवायचं. पहिली दोन वर्षं माझ्या हातून सगळी टोकं काळी पडली. नंतर एक हिरवं राहिलं आणि मी त्या बाटलीशी बोलायला लागले, वेड्यासारखी. पुढे माशीच्या रोगाला न जुमानणाऱ्या एका जातीशी संकर केला. पूर्वी हजारो रोपं वाढवून वर्षभर वाट पाहावी लागे, कोणतं टिकतं ते बघायला. आता कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन त्याच्या पेशीत वाचता येतं की गुण आला की नाही. आणि दुसरं म्हणजे विष. हो, या मुळात विष असतं. दचकू नको, आपली ज्वारी कोवळी असताना ढोराला लागते, तेच हे. कडू जातीत जास्त, गोड जातीत थोडं, आणि हलक्या जमिनीत, दुष्काळात वाढतं. म्हणजे जिथे माणूस सगळ्यात भुकेला, तिथेच मूळ सगळ्यात विषारी. या एका वाक्याने मला आयुष्यभर झोपू दिलं नाही. तूच म्हणाली होतीस ना, उपाशाइसाठी काई नाई भेटलं? हे भेटलं.

ते विष जे जनुक बनवतं ते बंद करून पाहिलेली झाडंही आमच्याकडे आहेत. ती काचघरात आहेत, परवानगीशिवाय बाहेर येत नाहीत, आणि तुझ्या बरडात त्यातलं एकही नाही. बरडात आहे ती साध्या संकराची, थोड्या विषाची, गोड जात. हे मी गावाला सांगितलं. पण कोणी म्हटलं की 'जीन बदललेलं नाई ना?' तर मी मान खाली घालून 'नाही हो नाही' असं म्हटलं नाही. म्हटलं, इथलं नाही, पण ते कामही मीच केलं आहे आणि मला त्याची लाज नाही.

आता या वर्षीची गोष्ट. केंद्राला हलक्या जमिनीवर, आपल्या हवेत, ही जात किती गोड राहते ते बघायचं होतं. मी म्हटलं, आमचं बरड घ्या. भाऊ कुरकुरला. 'मायनं नाई म्हनलं होतं,' म्हणाला. पण काड्या लावायला माझ्यासोबत वाकला. रानडुकरांचा त्रास तुझ्या वेळेपेक्षा दसपट झाला आहे, म्हणून मी चारी कडांना कडू जातीच्या ओळी लावल्या. डुक्कर एकदा तोंड मारतं, कडू लागलं की फिरकत नाही. माणसांसाठी पाटीही लावली: कच्चे खाऊ नये. पाटी वाचून लोक हसले, की दुष्काळ पडला काय कच्चं खायला.

आणि महाशिवरात्रीच्या दिवशी त्या दुकानातली बाई आजारी पडली. तुझ्या शेठाणीची सून, आता तीच घरची मोठी. ओकाऱ्या, चक्कर. हिंगणघाटला नेलं, दुसऱ्या दिवशी बरी होऊन घरी आली. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं तेव्हा कळलं, साबुदान्याच्या झाडाचं मूळ किसून, रताळ्याचा कीस करतात तसं जिऱ्यात नुसतं परतून खाल्लं. आपल्या बरडातलं. अगं, साबुदाणा उपासाला चालतो तर त्याचं मूळ तर आणखी शुद्ध, असा हिशेब तिने केला. जगाच्या पाठीवर कसाव्याने माणसं आजारी पडतात ती भुकेने. ही बाई उपासाने पडली. मी ऐकलं तेव्हा आधी विचारलं, कोणत्या ओळीतलं? कारण आतल्या ओळीतलं मूळ खाऊन ती आजारी पडली असेल, तर बरडाने माझी गोड जात कडू केली होती, आणि माझं सगळं आयुष्य खोटं होतं. कडेचं की आतलं? माती दोन्हीकडे उकरलेली होती, आणि त्या घरातून कोणी सांगेना. तिचा नवरा, दुकानदार, एवढंच म्हणत फिरत होता की विषारी झाड आहे, प्रयोगशाळेतून आणलेलं आहे, उपटून जाळा.

ग्रामसभा ठरली. भाऊ म्हणाला, 'ताई, उपटून टाकू. आपल्याले या लोकाइसोबत राहाचं हाये. तू जाशील तिकडं.' मी म्हटलं, मी कुठेही जात नाही. आदल्या दिवशी मी तीन बाटल्या भरल्या: एकीत कोवळ्या ज्वारीचे कुटलेले कोंब, दुसरीत कडेच्या ओळीचं मूळ, तिसरीत आतल्या ओळीचं. प्रत्येकीत पिवळ्या औषधी कागदाची पट्टी लटकवून बूच लावलं. विष जितकं जास्त तितका कागद लालतपकिरी होतो. सकाळी उठून आधी तिसरी बाटली पाहिली. पिवळी. अगदी जराशी केशरी झाक. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि एकटीच रडले.

ग्रामपंचायतीच्या आवारात अख्खं गाव जमलं होतं. मी बाटल्या मांडल्या. ज्वारीची पट्टी तपकिरी, कडेची विटेसारखी, आतली पिवळी. म्हटलं, 'पाहा. जवारी कोवळी असली तं विष, पिकली तं भाकर. म्हनून आपन जवारी उपटून जाळली काय?' काही माणसं माना हलवायला लागली. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्याने मनापासून विचारलं, 'पन बाई, हे जीनवालं उपासाले चालते काय?' हशा झाला. मला मात्र तो शब्द ऐकून भडका उठला. म्हटलं, 'मले नोका विचारू चालते का! आमी चालतो का हे तुमी आमाले इतके वर्सं सांगत आले, आता मुळाचं तरी तुमीच ठरवा!' भावाने माझा पदर ओढला.

दुकानदार उठला. 'बाटलीतलं आमाले काय समजते? खरं असन तं आत्ता कच्चं खाऊन दाखव.' आणि सगळीकडून तेच, खाऊन दाखव, खाऊन दाखव. भाऊसुद्धा हळूच म्हणाला, 'खाय न ताई, काय बिघडते.' मूळ माझ्या हातातच होतं. मला ठाऊक होतं, एक घास खाल्ला असता तर काही झालं नसतं आणि सगळं तिथेच मिटलं असतं. मी खाल्लं नाही. म्हटलं, 'मी हे रोज खातो. सोलून, उकडून, पानी फेकून, माह्या ताटात. तुमच्यासमोर तमाशा म्हनून नाई खानार. आन् कच्चं तं कोनीच खाऊ नये, हेच पाटीवर लिहून ठेवलं हाये. माह्या मायनं या गावात लय दाखवून देलं. काम करून दाखव, स्वच्छ राहून दाखव, पोट्टी शिकवून दाखव. झालं आता. कागद पाहा, नाई तं उपटा.' चूक केली असं सगळ्यांचे चेहरे सांगत होते. सरपंच म्हणाले, 'मंग हात वर करा, उपटायच्या बाजूनं कोन कोन?' हात वर जायला लागले, माय. आपल्या मोहल्ल्यातलेही गेले. भावाने मान खाली घातली. मी उभीच राहिले, आणि मला वाटलं, संपलं.

तेव्हा बायकांच्या बाजूने ती उठली. दुकानातली. अजून अशक्तच दिसत होती. म्हणाली, 'हात खाली करा. मी आतलं बी खाल्लं हाये.' तिचा नवरा म्हणाला, 'तू बस.' ती बसली नाही. 'संक्रांतीपासून परत्येक एकादशीले आनत होती. आतल्या ओळीतलं, शेंगदान्यावानी गोड लागे. असाच कीस करून खाल्ला. कधी काई नाई झालं. महाशिवरात्रीले रस्त्यानं जत्रेची गर्दी होती, आत शिरताना कोनी पाहीन म्हनून काठावरचंच उपटलं.' दुकानदाराचं तोंड उघडंच. 'चोरून?' ती म्हणाली, 'चोरून नाई तं काय मागून? मागाले त्याइच्या वावरात जाऊ देलं असतं काय तुमी?' मला राहवलं नाही. विचारलं, 'अव बाई, तोंडात कडू लागलं असन ना? मंग काऊन खाल्लं?' ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मीच बह्याड आहे. 'उपासाचं होतं. टाकता येते काय?'

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही, पण मग आवार फुटलंच. हात खाली आले. मी हसू शकले नाही, मला फक्त एवढंच ऐकू येत होतं की आतल्या ओळीतलं, तेही जेमतेम परतलेलं, अन् काही नाही झालं. कुठल्याही कागदापेक्षा मोठा पुरावा चोरीचा निघाला. ठराव झाला की कडेच्या कडू ओळी मी काढाव्या आणि डुकरांसाठी तार लावावी. मी दोन दिवसांत काढल्या. बाकी उभं आहे.

पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी ती भरदिवसा, डोक्यावर पदर घेऊन, रस्त्याने सगळ्यांदेखत वावराच्या बांधावर, आपल्या धुऱ्यावर आली. मी खणत होते. मूळ उपटून मातीसकट तिच्यासमोर धरलं आणि मुद्दाम म्हटलं, 'माह्या हातचं हाये. चालते काय?' ती म्हणाली, 'तुह्या हातचंच पाह्यजे बाप्पा. मले अजून कडू-गोड ओळखू येत नाई.' घेतलं आणि टोपलीत टाकलं. मी तिला कसं सोलायचं, कसं उकडायचं ते दोनदा सांगितलं, पाणी फेकायचंच हेही. गेली. क्षमा नाही मागितली, आणि मीही मागू दिली नसती. तू म्हणशील, तिनं घेतलं म्हणून आपलं काय भलं झालं? काही नाही झालं. ते मूळ तिच्यासाठी लावलंच नव्हतं, अन् तिच्या एकादशीसाठी तर मुळीच नाही.

कोणासाठी लावलं, ते आता लिहिते. केंद्राला सांगितलं की हलक्या जमिनीचा प्रयोग हवा. भावाला सांगितलं, बरड पडीक राहण्यापेक्षा बरं. गावाला सांगितलं, उद्याचं अन्न आहे. तिन्ही खरंच आहे. पण केंद्राला बरड जमीन कुठेही मिळाली असती. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तू असतीस तरी तुला अक्षर येत नव्हतं, मलाच चुलीपाशी बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि इथवर आल्यावर मी म्हटलं असतं, 'बस, सरलं,' आणि कागद दुमडला असता. खालची ओळ वाचलीच नसती.

तू नाई म्हनलं होतं म्हनूनच लावलं वं माय, की तू धुऱ्यावर येशील अन् मले शिव्या देशील.